काळी पूड

आमच्या शाळेचा फळा वर्षातून दोनदा काळा व्हायचा. एकदा जूनमध्ये शाळा उघडली की, आणि एकदा दिवाळीची सुट्टी संपली की. गुरुजी आदल्या दिवशी सांगायचे, उद्या येताना घरातले मेलेले सेल घेऊन या. टॉर्चचे सेल. मुरबाड तालुक्यातल्या सरळगावहून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव, आणि १९७०च्या सुमाराला गावात टॉर्च होते मोजून चार-पाच. ज्याच्या घरी टॉर्च, त्या पोराचा त्या दिवशी वर्गात भाव.

सेल दगडावर ठेवून फोडायचा. वरचा पत्रा, आत जस्ताचं भांडं, मधोमध कार्बनची कांडी आणि तिच्याभोवती ठासलेली काळी, ओलसर पूड. कांडी पोरांची, भिंतीवर रेघोट्या मारायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पूड गुरुजींची. कुटलेल्या लाकडी कोळशात ती मिसळायची, भोपळ्याच्या पानांच्या रसात कालवायची आणि फडक्याने फळ्याला फासायची. दोन दिवस वर्गात नवसागराचा उग्र वास. (ह्या नवसागराचं आमच्याकडे आणखी एक गिऱ्हाईक होतं, हातभट्टीवाले. पण तो विषय शाळेचा नाही.)

मागच्या वर्षी भाची सुट्टीत आली ती काचेची एक छोटी बाटली घेऊन. मुंबईत एका प्रयोगशाळेत ती पीएचडी करते, इलेक्ट्रिक गाड्यांच्या जुन्या लिथियम बॅटऱ्यांवर. बाटली टेबलावर ठेवून म्हणाली, "मामा, ओळखा." झाकण उघडू देईना, वास घेऊ देईना.

"सेलमधली पूड," मी म्हटलं.

"ब्लॅक मास म्हणतात हिला. गाडीची बॅटरी फोडून, दळून, तांबं-अॅल्युमिनियम चाळून काढलं की ही उरते. सगळा माल हिच्यात."

"मँगनीज आहे का हिच्यात?"

तिने मान वर करून पाहिलं. "ह्या बाटलीत आहे. दुसऱ्या जातीच्या बॅटरीच्या पुडीत नसतं. तुम्हाला कसं ठाऊक?"

"आमच्या फळ्यावर होतं."

तिचा प्रश्न वेगळाच होता. बॅटरी फोडून त्यातलं लिथियम कसं काढायचं, हे प्रयोगशाळेत जमतंय. पण मेलेली बॅटरी गावातून कारखान्यापर्यंत यायची कशी, ह्यावर तिच्या सरांनी एक प्रकरण लिहायला सांगितलं होतं. "तुमच्या शिशाच्या बॅटऱ्या कशा परत यायच्या, ते मला लिहून द्या," म्हणाली. चाळीस वर्षं मी ह्या धंद्यात, सरळगाव नाक्यावर माझं बॅटरीचं दुकान. लिहायला बसलो, आणि बरंच मागे गेलो.

आमच्या भागात पहिली बॅटरी आली असणार ती आगगाडीबरोबर. कल्याणहून रूळ वाशिंदला पोचले १८५५ साली, आसनगावला १८६० साली, कसाऱ्याला १८६१ साली. घाट चढून इगतपुरी गाठायला १८६५ उजाडलं. रुळांच्या कडेने तारायंत्राच्या तारा चालल्या. त्या काळी तारायंत्राला वीज मिळायची ती भांड्यांत मांडलेल्या ओल्या सेलमधून: तांबं, जस्त आणि मोरचुदाचं पाणी. त्याच सुमाराला, १८५९मध्ये, फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते ह्याने शिशाचे दोन पत्रे गुंडाळून ॲसिडात बुडवले आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. आमच्या धंद्याचा मूळपुरुष तो. शहापूर तालुक्याला असं रेल्वेमुळे विजेचं दर्शन लवकर झालं. मुरबाडला रेल्वे अजून यायची आहे.

वीज मात्र आमच्या डोक्यावरून जायची. १९४२च्या लढ्यात भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने ह्या डोंगरपट्ट्यातले विजेचे मनोरे पाडले, मुंबईच्या गिरण्यांची वीज तोडायला. पुढे २ जानेवारी १९४३ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडावर हुतात्मा झाले. आमची आजी सांगायची, मनोरा पडला तेव्हा मुंबईत अंधार झाला म्हणे, आपल्याकडे होताच.

मी कल्याणला मुरबाड रोडवरच्या एका दुकानात लागलो १९८० साली, अठराव्या वर्षी. वस्ताद मूळचे कुठले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या खाकी पँटला गुडघ्याखाली चाळणीसारखी भोकं. ॲसिडाचा थेंब सुती कापडावर पडला की त्या वेळी काही दिसत नाही. धुतल्यावर तेवढा गोल गळून पडतो. माझी आई पहिल्या महिन्यातच म्हणाली, पगार कपड्यांतच जाणार तुझा.

त्या वेळी बॅटरी दुरुस्त व्हायची, हे आताच्या पोरांना खरं वाटत नाही. ट्रकची बॅटरी आली की वस्ताद आधी तिला हात लावून पाहत. एखादं घर गरम लागलं की तो सेल गेला. मग प्रत्येक घराचं बूच काढून हायड्रोमीटर. काचेच्या नळीत ॲसिड ओढायचं, आत तरंगणारी कांडी कुठे थांबते ते बघायचं. १.२८० म्हणजे भरलेली. १.१५०च्या खाली म्हणजे झोपली. सहा घरांपैकी पाच १.२५०वर आणि एक १.१००वर असेल, तर वस्ताद त्या घरावर खडूने फुली मारत आणि म्हणत, "हा भाडं थकवणारा भाडेकरू."

डबा काळ्या कडक रबराचा, वरून डांबराने बंद केलेला. स्टोव्हवर पत्र्याचं उलथनं लाल करायचं आणि डांबर कापत न्यायचं. कडा सुटली की दोन पकडींनी खांब धरून आख्खा गठ्ठा सरळ वर ओढायचा. तिरका ओढला की प्लेट मोडते. वर आला की ॲसिड निथळेपर्यंत तसाच धरून उभं राहायचं, हात भरून येईपर्यंत. पॉझिटिव्ह प्लेटा चॉकलेटी, निगेटिव्ह राखी, मध्ये सेपरेटर. चांगल्या चॉकलेटी प्लेटेवर नख मारलं तर नुसती रेघ उठते. मेलेलीवर नख मारलं तर मसाला भुकटीसारखा गळतो. आणि डब्याच्या तळाशी त्या गळालेल्या मसाल्याची मळी. मळी वाढत वाढत प्लेटांच्या खालच्या कडेला टेकली की सेल शॉर्ट. निम्म्या बॅटऱ्या ह्याच कारणाने मरायच्या. डबा धुवायचा, मोडक्या प्लेटांच्या जागी नव्या लावायच्या, शिसं वितळवून त्यांचे कान एका पट्टीला जोडायचे, पुन्हा डांबर ओतायचं, पाण्यात ॲसिड घालायचं (ॲसिडात पाणी कधीच नाही; ह्या एका चुकीने वस्तादांचा डावा कान गेला होता) आणि दीड-दोन दिवस मंद करंटवर चार्जिंगला लावायची. ट्रकवाल्याला वर्ष-दीड वर्ष आणखी मिळायचं.

वस्तादांच्या पोटात अधूनमधून कळा यायच्या. ते गुळाचा खडा तोंडात टाकायचे. शिशावर गूळ, हे त्या धंद्यातलं औषध. औषध काहीच नव्हतं ते, पण कल्याण-भिवंडीतले शिसं वितळवणारे सगळे गूळ खायचे.

१९८६ला मी सरळगाव नाक्यावर स्वतःचं दुकान टाकलं. जागा मोक्याची. कल्याण–नगर रस्ता इथून माळशेजकडे जातो आणि इथूनच किन्हवलीमार्गे शहापूरला फाटा फुटतो. ओतूर-जुन्नरचा भाजीपाला घेऊन घाट उतरलेले टेंपो पहाटे नाक्यावर चहाला थांबायचे. थंडीत निम्म्यांना धक्का मारून सुरू करायला लागायचं. पौषात म्हसाच्या यात्रेला लाउडस्पीकरवाले आठ-आठ दिवसांसाठी बॅटऱ्या भाड्याने न्यायचे, आणि यात्रा संपली की बैल विकून आलेले शेतकरी ट्रॅक्टरची बॅटरी भरून घ्यायचे. एकाच रस्त्यावर एकाच आठवड्यात बैल उतरत होता आणि ट्रॅक्टर चढत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आता भाचीच्या प्रश्नाचं उत्तर. जुनी बॅटरी परत कशी यायची? ती यायची कारण ती रोख होती. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं. शिसं सव्वातीनशे अंश तापवलं की वितळतं, म्हणजे चुलीवरच्या कढईतही वितळतं, आणि वितळून पुन्हा शिसंच होतं. गिऱ्हाईक नवी घ्यायला यायचं तेच जुनी खांद्यावर घेऊन. किंमत ठरायची ती "जुनी देऊन" आणि "जुनी न देता" अशी दोन आकड्यांत. जुन्या बॅटऱ्या मी मागच्या पडवीत रचायचो. भिवंडीचा भंगारवाला पंधरवड्याला टेंपो आणायचा, काट्यावर टाकायचा, रोकडा मोजायचा. त्याच्याकडून गाळणाऱ्याकडे, गाळणाऱ्याकडून कारखान्यात. सहा महिन्यांनी तेच शिसं नवं स्टिकर लावून माझ्याच फळीवर. माझ्या दुकानातून एकच शिसं किती वेळा फिरलं असेल, देव जाणे. चाळीस वर्षांत कोणी जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकलेली मी पाहिली नाही. चोरीला गेलेल्या मात्र खूप पाहिल्या.

ह्या फिरण्याला कोणी योजना आखली नव्हती, कोणी पत्रक काढलं नव्हतं. गावातल्या अडाणी म्हातारीलाही जुन्या बॅटरीचा किलोचा भाव ठाऊक होता, बस्स.

आणि त्याची दुसरी बाजूही लिहितो, भाचीने ती मागितलेली नसली तरी. भंगारवाला ॲसिडाचं वजन धरायचा नाही. म्हणून त्याचा टेंपो यायच्या आधी मी बॅटऱ्या आडव्या करून ॲसिड मागच्या ओहोळात सोडायचो. मळी कुंपणाशी टाकायचो. सगळेच तसं करायचे, मीही केलं. १९९३च्या मेमध्ये शेजाऱ्यांचं एक वासरू कुंपणातून शिरलं आणि त्याने ती मळी चाटली. शिशाची भुकटी गुळचट लागते, गुरं ती आवडीने चाटतात, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी वासरू भिंतीला डोकं लावून उभं. दिसेनासं झालं होतं. दात करकर वाजवत होतं. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी त्याच्या डोळ्यांपुढून हात फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला: "इथे बॅटरीचं काम कोण करतं?"

वासराचे पैसे मी दिले. शेजाऱ्यांनी ते घेतलेही, पण त्यानंतर त्यांनी ट्रॅक्टरची बॅटरी शहापूरहूनच आणली. कुंपणाजवळच्या त्या जागेत अजून गवत धड येत नाही. तेव्हापासून मी ॲसिड ओतलं नाही. चुनखडी टाकून मारतो आणि मळी पिंपात भरून बॅटरीबरोबरच देतो.

२००१ साली केंद्र सरकारने बॅटऱ्यांचे नियम आणले: नवी विकली की जुनी परत घ्यायची, नोंदणी असलेल्या गाळणाऱ्यालाच द्यायची, दर सहा महिन्यांनी तक्ता भरायचा. मी भरायचो. नाक्यावर माझी चेष्टा व्हायची. पुढे २००५पासून लोडशेडिंगने कहर केला, बारा-बारा तास वीज नाही, आणि घरोघर इन्व्हर्टर आले. दीडशे अँपिअरची ट्यूबलर बॅटरी, पन्नास किलोच्या वर वजन, दोघांनी उचलायची. ती पाच-सहा वर्षं माझी सगळ्यात चांगली. मुलीचं लग्न लोडशेडिंगवर झालं असं मी म्हणतो, आणि बायको मला गप्प बसवते.

पहिली लिथियम बॅटरी माझ्या दुकानात आली २०२२च्या पावसाळ्यात. मुरबाड एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या एका पोराची स्कूटर. पाण्यातून नेली, बंद पडली. कंपनीचं दुकान कल्याणला, तिथे सांगितलं पॅक बदला, आणि पॅकची किंमत स्कूटरच्या निम्मी. पोरगा म्हणाला, "काका, जुनीचे किती देणार?"

माझ्याकडे आकडा नव्हता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

भिवंडीच्या भंगारवाल्याला दाखवली. त्याने हातात तोलून पाहिली. "शेट, हिच्यात तांबं किती?" मला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. लोखंडाच्या भावाने घेतो म्हणाला, आणि मग तेही नको म्हणाला, कारण त्या उन्हाळ्यात त्याच्या ओळखीच्या एका वखारीत असे दहा-बारा पॅक एकावर एक टाकलेले असताना फावड्याचा धक्का लागून एकातून पांढरा धूर सुटला होता. फटाक्याच्या माळेसारखे सेल फुटले. पाणी मारून विझवलं, आणि मध्यरात्री तेच पुन्हा पेटलं. शिशाची बॅटरी मेली की मेली. ही मेल्यावरही आत काही शिल्लक ठेवते.

भाचीला फोन केला. ती हातमोजे, चष्मा आणि वाळूची एक बादली घेऊन आली, आणि तो पॅक आम्ही दोघांनी उघडला. आधी दोन हॅलोजनचे दिवे जोडून रात्रभर उतरवला. मिठाच्या पाण्यात बुडवतात म्हणे काही जण, पण त्याने सेल गंजतात आणि पाणी विषारी होतं, म्हणून नाही. सकाळी नऊला बसलो. स्क्रू स्टिकरखाली लपवलेले. झाकण गोंदाने चिकटवलेलं. आत सर्किटची पाटी, आणि तिच्याखाली बोटाएवढे सेल, अठरा मिलिमीटर जाडीचे, पासष्ट मिलिमीटर लांबीचे, दहा-दहाच्या तेरा ओळी. एकशेतीस. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना निकेलची पट्टी डागलेली. पट्टी ओढताना पक्कड शेजारच्या सेलला टेकली तर ठिणगी. एकेक पट्टी ती सोलत होती आणि मी तिच्या बोटांकडे बघत होतो. वस्ताद गठ्ठा वर ओढायचे तेव्हा त्यांचा श्वास जसा थांबायचा, तसा तिचा थांबत होता. सगळे सेल सुटे व्हायला दुपारचे तीन वाजले. शिशाची बॅटरी मी अर्ध्या तासात उघडतो. हा डबा कधी कोणाला उघडावा लागेल, हे बनवणाऱ्याच्या मनातच आलं नव्हतं.

महिन्याभराने दुसरा पॅक आला, एका मालवाहू तीनचाकीचा. त्यात सोळाच सेल, पुस्तकाएवढे चपटे. "हा एलएफपी," भाची म्हणाली. "लोह-फॉस्फेटवाला. पहिला एनएमसी होता, निकेल-मँगनीज-कोबाल्टवाला." पहिल्यात कोबाल्ट आणि निकेल, म्हणजे पैसा. दुसऱ्यात लोखंड आणि फॉस्फेट, म्हणजे खताच्या भावाचा माल, आणि थोडंसं लिथियम. बाहेरून दोन्हींवर लिहिलेलं एकच: लिथियम-आयन. जिवंत सेल असेल तर मी मल्टीमीटर लावून सांगतो. भरलेला एनएमसी ४.२ व्होल्टला जातो, एलएफपी ३.६५ला थांबतो. पण मेलेला सेल दीड-दोन दाखवतो, आणि तो आकडा दोघांचाही असू शकतो.

ही बॅटरी मुळात गाडीसाठी नव्हतीच. १९९१ साली सोनीने ती हातातल्या कॅमेऱ्यासाठी बाजारात आणली. ज्यांनी ती शोधली त्या तिघांना, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो ह्यांना, २०१९चं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. भाचीच्या टेबलावर त्यांचा फोटो आहे. वस्ताद शाळा शिकले असते तर असेच हसले असते, असं मला उगाच वाटतं.

ती काय करते ते तिने मला दोनदा समजावलं. पहिल्यांदा डोक्यावरून गेलं. पूड ॲसिडात उकळायची, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचं, धातू पाण्यात उतरतात, गाळायचं, मग एकेक धातू वेगळा खाली बसवायचा. दुसऱ्यांदा ऐकताना मी म्हटलं, "अगं, हा तर कात."

आमच्या भागातले कातकरी, ज्यांचं नावच कातावरून पडलं, ते हेच करायचे. दुकानात सेल घ्यायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या कातकरी बाबांकडून मी ते ऐकलं होतं, त्यांनी त्यांच्या आजाकडून. खैर बाहेरून सगळे सारखे. कुऱ्हाडीचा एक घाव घालून गाभा बघायचा. लाल भरलेला असेल तरच झाड पाडायचं. गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळायच्या, रस गाळायचा, आटवायचा, आणि थंड करायला ठेवायचा. थंड झाला की कात धरतो. इंग्रजांनी १८७८च्या कायद्याने जंगलं राखीव केली आणि खैरावरचा घाव गुन्हा झाला. कातकरी कोळशाच्या भट्टीवर गेले, नंतर वीटभट्टीवर. धंदा गेला, नाव राहिलं.

भाचीने हे वहीत टिपून घेतलं आणि हसून म्हणाली, "फक्त एक उलटं आहे मामा. कात थंड केल्यावर बसतो. लिथियम कार्बोनेट तापवल्यावर बसतं. गरम पाण्यात ते कमी विरघळतं." धुण्याचा सोडा घालायचा, द्रावण उकळीपर्यंत न्यायचं, आणि पांढरी साय धरते. तिचं स्वतःचं काम एलएफपीवर आहे. सौम्य ॲसिडाने फक्त लिथियम बाहेर काढायचं आणि लोह-फॉस्फेट जसंच्या तसं मागे ठेवायचं. म्हणजे ॲसिड कमी, सोडा कमी, घाण पाणी कमी. २०२२च्या अखेरीस लिथियमचा भाव आभाळाला टेकला तेव्हा सगळे तिच्या प्रयोगशाळेत डोकावत होते. पुढच्या वर्ष-दीड वर्षात भाव कोसळला आणि डोकावणारे पांगले. तिने काम सोडलं नाही.

आपल्या देशात ह्यावर काम होत नाही असं नाही. सी-मेट म्हणून केंद्र सरकारची संस्था आहे, तिच्या प्रयोगशाळांपैकी एक पुण्यात, एक हैदराबादेत. हैदराबादच्या प्रयोगशाळेने मिश्र जातीच्या बॅटऱ्यांतून लिथियम, कोबाल्ट, मँगनीज आणि निकेल ९५ टक्क्यांहून जास्त परत काढायची रीत बसवली आणि जून २०२३मध्ये ती नऊ कंपन्यांना दिली. टाटा केमिकल्सने २०१९मध्येच मुंबईजवळ असं काम सुरू केलं होतं. आमच्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात रिसायकलकरो ह्या कंपनीचा कारखाना आहे. आणि ऑगस्ट २०२२मध्ये बॅटऱ्यांचे नवे नियम आले: जो बॅटरी बाजारात आणतो, त्यानेच ती परत गोळा करायची. गोळा केलेल्यातून किती माल काढायचा तेही ठरलेलं. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी २०२४-२५ला ७० टक्के, पुढच्या वर्षी ८०, २०२६-२७पासून ९०.

सगळं चांगलं. फक्त माझ्या नाक्यावर ह्यांतलं कोणी आलेलं नाही.

भाचीचं म्हणणं, मुरबाड एमआयडीसीत असा एक कारखाना झाला तर आपल्या पोरांना काम मिळेल. इथे मी अडतो. आमचं आणि पाण्याचं नातं सरळ नाही. तानसा १८९२पासून मुंबईला पाणी देतो, मोडकसागर १९५७पासून, त्यानंतर भातसा. मुंबईच्या नळाचं बहुतेक पाणी शहापूरच्या अंगणातून जातं, आणि एप्रिल-मेमध्ये शहापूरच्याच पाड्यांवर टँकरच्या रांगा लागतात. किलोभर पूड धुतली की किती पाणी खराब होतं आणि त्यात किती सोडियम सल्फेट उरतं, हे तिनेच मला सांगितलं. मी तिला कुंपणाजवळची ती जागा दाखवली. ती बराच वेळ उभी होती तिथे. मग म्हणाली, "म्हणून तर पाणी कमी लागेल अशी रीत शोधतेय." ह्यावर आमचं अजून एकमत नाही.

तिच्या प्रकरणासाठी मी एवढंच लिहून दिलं: ज्या दिवशी मेलेल्या पॅकचा भाव पाड्यावरच्या बाईला तोंडपाठ होईल, त्या दिवशी पॅक आपोआप यायला लागतील. तोवर भाव कुठून आणायचा? त्याला आमच्या शेजारीच दोन हजार वर्षांचा दाखला आहे. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडाचा रांजण आहे. कोकणातून वर चढणारा व्यापारी जकातीचं नाणं त्यात टाकूनच पुढे जायचा, असं सांगतात. तसं स्कूटर विकतानाच नाणं ठेवून घ्या. पॅक परत दिला की नाणं परत. नव्या नियमांत अशा डिपॉझिटची सोय लिहिलेली आहे, भाचीने मला ते कलम दाखवलं. "लिहिलेली आहे, पण सक्ती नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, घाटातल्या रांजणापाशी जकातदारही बसलेला असणार की.

सध्या माझ्या मागच्या पडवीत वाळूने भरलेली तीन पिंपं आहेत आणि त्यांत सात पॅक. भंगारवाला आला की त्यांच्याकडे न बघता शिशाच्या बॅटऱ्या उचलतो. परवा मोरोशीकडचा एक रिक्षावाला आठवा पॅक घेऊन आला, पोत्यात गुंडाळून, मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून. घाम पुसत म्हणाला, "शेट, जुनीचे किती?" मी गल्ल्यातून पाचशे काढून दिले. हिशेबाच्या वहीत हा खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा ते मला ठाऊक नाही. मग पॅक उघडून मल्टीमीटर लावला, ओळी मोजल्या, झाकण पुन्हा बसवलं, आणि भाची रविवारी येईल तेव्हा तिला कळावं म्हणून काळ्या डब्यावर खडूने लिहिलं: सोळा सेल, लोह, उतरवलेला नाही.